अमावास्येची कणीक

स्कूटीच्या डिकीत अंजूची टोपी शोधत होते, तर हाताला पिशवीत काहीतरी टणक लागलं. वाटलं दगड असतील, अजिनाथला धरणावरून दगड उचलून आणायची खोड आहे. गाठ सोडायला घेतली तेव्हा लक्षात आलं की ती गाठ माझीच आहे, दुहेरी, टोकं आत ओढून घेतलेली. आत कणकेचे गोळे. हळद घातलेली, बडीशेपेची पूड घातलेली, मीच मळून दिलेली मागच्या अमावास्येची कणीक. वाळून, तडकून खडीसारखी झालेली, आणि प्रत्येक गोळ्यावर माझ्या अंगठ्याचा खळगा तसाच. पिशवी उघडलीच गेली नव्हती. कडेवर अंजू "तोपी, तोपी" करत माझी बट ओढत होती, गल्लीत भाजीवाल्याचा भोंगा चालू होता, आणि मी पार्किंगमध्ये हातात कणकेचा दगड घेऊन उभी. त्या दिवशी संध्याकाळी हा घरी आला तेव्हा मी विचारलं होतं, लागले का काही? तर म्हणाला होता, लागले दोन-तीन, दिले सोडून. कशाला लागले? रिकाम्या गळाला मासे लागतात?

मनातल्या मनात मी अजिनाथला एकेरीच म्हणते. तोंडावर "आवो". लग्न झालं तेव्हा तो कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होता, देवगडच्या अलीकडं कुठंतरी. बीड जिल्ह्यातली कितीतरी पोरं अशीच तिकडं मास्तर होऊन गेलेली आणि बदलीची वाट बघत बसलेली. मी इथं बीडला, नगर रोडच्या मागच्या गल्लीत, सासूबाईंजवळ. आमचा संसार फोनवर झाला म्हटलं तरी चालेल. मी पोटुशी होते तेव्हा तो रोज संध्याकाळी तिथल्या समुद्राचं सांगायचा. मी समुद्र पाहिलेला नाही, अजूनही नाही. त्याच्या सांगण्यातून माझ्या डोळ्यांसमोर एक काळा डोंगर उभा राहायचा, पाण्यात सोंड घालून बसलेला, आणि सोंडेच्या टोकाला दोन माणसं. एक हा आणि दुसरा बाबल. बाबलच्या घरात हा खोली घेऊन राहायचा, आणि बाबलनंच ह्याला गळ टाकायला शिकवलं. "तिथं एकट्यानं जायचंच न्हाई," तो सांगायचा. "एकानं गळ टाकायचा, दुसऱ्यानं नुसतं पाण्याकडं तोंड करून बसायचं. लाट राखायची. पुनव-आमुशाला उधाण असतंय, दुपारी भरती चढती, तवा तर पाठ फिरवायचीच न्हाई." मी म्हणायची, मग तुमी कोणचं काम करता? "मी राखतो. मला कुठं गळ टाकता येतोय?" असं म्हणून हसायचा. ते हसणं कानाला लावून मी झोपायची. पोटातली अंजूही तेव्हा गप व्हायची, असं मला वाटायचं.

आता बदली होऊन घरी आलाय. येताना ट्रंक, गादी आणि एका लांब कापडी खोळीत गळाची काठी. सासूबाई माळकरी. त्यांनी काठी बघितली आणि दारातच विचारलं, "ह्ये कावून आणलंस? घरात मासा आला तर मी अन्न सोडीन." हा म्हणाला, "मासा येणार न्हाई आई. धरून सोडून देईन." त्यामुळं घरात मासा कधी आला नाही. वासही नाही. हे सोयीचंच झालं म्हणायचं. आणि आल्यापासून रोज सकाळी चहाचा कप घेऊन हा भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभा राहतो. आज तिथी कोणती. उद्या कोणती. सासूबाईंना वाटतं, पोरगं देवाधर्माला लागलं. "आज एकादशी हाय का आई?" असं त्यानं एकदा विचारलं, तर त्यांनी त्या दिवशी त्याच्यासाठी वेगळी भगर केली आणि साऱ्या गल्लीला सांगितलं. त्यानं मुकाट खाल्ली. पण उपास त्याला माहीत नाही. मला माहीत आहे तो काय बघतो. पुनव आणि अमावास्या. त्या दोन दिवशी, वार कोणताही असो, हा अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारच्या आधीच पालीच्या धरणावर जातो. मासे तिथीवर येतात का? धरणाला भरती असते का? मी एकदा विचारलं, तर माझ्याकडं बघितलं, मग अंजूकडं बघितलं, आणि म्हणाला, "सवय हाय गं."

अंजूकडं तो असा बघतो, की जणू ती दुसऱ्या कुणाची आहे आणि तिचे आईबाप आत्ता येऊन तिला घेऊन जाणार आहेत. घेतो, नाही असं नाही. घ्यायला सांगितलं की घेतो. खांद्यावर टाकतो, फिरवतो, तिनं शर्ट ओला केला तरी चिडत नाही. पण तिला नावानं हाक मारत नाही. "बाळ उठलं." "ती रडायलीय." "हिला घे." आधी मला हे कळलंच नाही, कान देऊन शोधत बसावं असं ते काही नव्हतं. मग एका दुपारी अंजूला मांडीवर थोपटताना कळलं, आणि एकदा कळलं की मग दिवसभर तेच ऐकू येऊ लागलं, नळाच्या थेंबासारखं. चौदा महिन्यांची पोर. तिला काका, आत्या, दूधवाला, सगळ्यांनी नावानं हाक मारलीय. बापानं नाही.

आमच्या समोरच्या भामाबाई पापड वाळत घालायला गच्चीवर येतात. गोळे सापडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"शिवकन्या, एक बोलू का? राग येऊ दिऊ नको."

"बोला की मावशी."

"तुजा मालक आमुशाला हळदीची कणीक घिऊन पान्यावर जातो. आमच्या ह्यांनी सोता बघितलं. ते काय मासे धराया? उतारा हाय त्यो."

"अवो मावशी, गळाला लावायची कणीक हाय ती. मीच मळते."

"तूच मळतीस!" त्यांनी हनुवटीला हात लावला. "आगं येडे, तुज्याच हातानं करून घ्यायलाय. पोरगी झाली ना पहिली? आता पोराचा घाट असंल कुनी घालून दिलेला. कोकणात लई असलं असतंय. तिकडचं पानीच तसलं."

"तुमी गेलत्या का कधी कोकणात?"

"मी कशाला जाऊ? इथं बसून कळत न्हाई व्हय?"

मी हसले. घरी येऊन भांडी घासताना मात्र हसू आलं नाही. भामाबाईंचं काय, त्यांना दारात लिंबू पडलेलं दिसलं तरी करणी दिसते. पण मी शिकलेली बाई आणि मी तरी काय वेगळं करत होते? सासूबाईंना त्यात देव दिसला, भामाबाईंना भूत दिसलं, आणि मला बाई दिसत होती. तिघींनी एकाच माणसाच्या पाठीकडं बघून आपापलं चित्र काढलेलं. फक्त माझ्याकडं जरा पुरावा होता. हा अंघोळीला गेला असताना त्याचा फोन वाजलेला, नाव आलं "बाबल". मला इतका आनंद झाला! कितीतरी महिन्यांत ते नाव घरात आलं नव्हतं. मी घाईनं उचलला, म्हटलं, भावजी, मी शिवकन्या. तिकडून आधी नुसता वारा. मग एका बाईचा आवाज, दबलेला, "गुरुजी?" आणि मी पुन्हा हॅलो म्हणायच्या आत फोन बंद. मी फोन होता तिथं उलटा ठेवला. मालिकांमध्ये हे मी कितीदा बघितलंय आणि त्या बायकांना हसलेय, की इतकं साधं कसं कळलं नाही हिला, बाईचा नंबर बाप्याच्या नावानं ठेवतात ते. मग संधी मिळेल तेव्हा बघत गेले. बाबल, बाबल, बाबल. पुनवेला आणि अमावास्येला, दुपारी, लांबलचक. मधल्या दिवसांत एकही नाही. असं तिथी पाळून कोण बोलतं? लपवून बोलणारा माणूस सुद्धा एखाद्या आडदिवशी चुकतो. हा चुकत नव्हता.

मग मी मागं मागं जाऊ लागले. अंजू झोपली की ती जेवढा वेळ झोपेल तेवढा वेळ माझा. त्यात मी कपडे घड्या करायची सोडून हेच करत बसायची, एकेक दिवस उलटा करून झटकून बघायचा. बाबलचं बोलणं कधी बंद झालं? बारशानंतर. बारशाला हा चार दिवसांची रजा काढून आलेला. हॉलमध्ये पाळणा सजवलेला, बायका "कुणी गोविंद घ्या" म्हणत पाळण्याखालून वरून बाळ फिरवत होत्या, नणंद अंजूच्या कानात नाव सांगायला वाकलेली, आणि तेवढ्यात ह्याचा फोन वाजला. हा गच्चीवर गेला. नाव ठेवून झालं, पाठीवर बुक्के मारून झाले, घुगऱ्या वाटल्या, तरी हा वरच. खाली आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केसांच्या कडा भिजलेल्या. बायकांनी गलका केला, घ्या की मास्तर लेकीला, नाव घेऊन घ्या. तर म्हणाला, "हात ओले हायत." आणि तसाच चपला घालून बाहेर गेला. दोन दिवसांतच रजा अर्धी टाकून परत कोकणात. तेव्हा भामाबाई म्हणालेल्या, पोरगी झाली म्हणून रडला. मी ते खोटं मानलं. मानलं म्हणजे काय, कुठंतरी ठेवून दिलं. आता ते काढून बघितलं तर त्याच्या शेजारी दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. बारशाच्या दिवशी फोन करून रडायला लावणारी कोण? आणि लेकीला जवळ घेताना हात आडवा येतो तो कुणाचा?

पुढची अमावास्या शुक्रवारी आली. सकाळी मी नेहमीसारखी कणीक मळली. हळद, बडीशेपेची पूड, जरासं तूप. पाणी जास्त पडलं, पुन्हा पीठ घातलं. गोळे वळले, अंगठा दाबला, पिशवीला दुहेरी गाठ मारली. ह्यानं पिशवी घेतली आणि म्हणाला, "राहू दे म्हणलं तरी करतीसच तू." मी म्हटलं, "मासे उपाशी राहतील की." त्यानं माझ्याकडं एक क्षण नीट बघितलं, मला वाटलं आता बोलेल. मग हेल्मेट घातलं. स्कूटीचा आवाज वळणावर गेला तसं मी अंजूला दूध पाजलं, सासूबाईंना सांगितलं दवाखान्यात जाऊन येते, डोस आहे, आणि मुख्य रस्त्यावर येऊन पालीकडं जाणाऱ्या काळी-पिवळीत बसले. शेजारी एक म्हातारा बसला होता, त्यानं अंजूला विचारलं, "कुठं निघाली गं मावशी?" अंजू म्हणाली, "भूर." मला रडू आलं. मी हिला कुठं नेत होते? समजा तिथं कुणी असेल, तर ही बघेल. समजा कुणी नसेल, तर मी काय बघणार? काहीच नसलं तरी संशय तसाच घरी येणार, कणकेसारखा, टणक होऊन. उतरून परत जावं असंही वाटलं. पण गाडी वाटेत कुठं थांबलीच नाही.

धरणाच्या भिंतीपासून लांब, मागच्या बाजूला डोंगराचा एक खडक पाण्यात शिरलाय. मी तो पहिल्यांदाच बघत होते आणि तरी ओळखीचा वाटला. काळा, सोंडेसारखा. टोकाला एक माणूस. फक्त पाणी हिरवट आणि निपचित, एक तरंग नाही. गळाची काठी खडकाच्या भेगेत रोवलेली, दोरा गुंडाळलेलाच. कणकेची पिशवी बाजूला, माझ्या गाठीसकट. बाई कुठंच नव्हती. त्याच्यापुढं खडकावर फोन ठेवलेला होता, मोठ्या आवाजात, आणि त्यातून घोंगावल्यासारखा, काहीतरी कोसळल्यासारखा आवाज येत होता. मी तसा आवाज कधी ऐकला नव्हता, आणि ऐकताक्षणी कळलं तो कशाचा. उन्हात, बीडच्या दगडावर, समुद्र वाजत होता. मग त्यातून तीच बाई बोलली.

"गुरुजी, आसास मां?"

"हाय. बोल की वहिनी. मागं सरकून बस जरा."

"सरकलंय. पाणी अजून चढताहा."

"चढू दे. तू बोलत रहा."

मी उभीच. वहिनी? पायांत ऊन चढत होतं. अंजूनं बापाची पाठ ओळखली आणि खडकावर चांगलं घुमेल असं ओरडली, "पप्पा!" त्यानं असं दचकून मागं बघितलं की मला वाटलं पाण्यात जाईल. आमच्याकडं बघितलं, फोनकडं बघितलं, पण बंद केला नाही. फक्त त्यावर हात ठेवला, एखाद्याच्या तोंडावर ठेवावा तसा.

"तू कशी आलीस?"

"कोण हाय ही?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच भामाबाईंसारखा वाटला. "आणि खोटं सांगू नका. बाबलच्या नावानं हिचा नंबर ठेवलाय तुमी."

"बाबलचाच नंबर हाय." तो खालीच बघत होता. "बाबलचाच फोन हाय तो, आता त्याच्या बायकोपाशी असतो. घरी राहिलता त्या दिवशी. बाबल गेला, शिवकन्या. लाटंनं नेला. उधाण होतं आणि एकटा गेला गळ टाकायला. सापडला बी न्हाई."

"कधी?"

त्यानं अंजूकडं बघितलं. एवढं पुरे होतं. ओले केस, गच्ची, घुगऱ्या, सगळं माझ्यासमोरून पुन्हा एकदा गेलं, आता सरळ.

"लाट राखायला मी असायचो," तो म्हणाला. "मी इथं होतो. पाळण्याजवळ."

"मग मला कावून न्हाई सांगितलं? इतके महिने?"

"काय सांगू? बारशाच्या घरात मयताचं? आणि मग आईला कळलं असतं, गल्लीला कळलं असतं. लगीच म्हणले असते, पोरीचा पायगुण. नाव ठेवायच्या वक्ताला माणूस गिळला म्हणून. जनमभर तेच लावलं असतं हिच्या मागं." मग अगदी हळू, हाताखालच्या फोनलाही ऐकू जाऊ नये असं, "मी बी म्हणलो एकदा. मनात. गच्चीवर. एकदाच म्हणलो, पर म्हणलो. तवापासून हिचं नाव तोंडात येत न्हाई."

मला चीड यायला हवी होती. माझ्या लेकीवर, बारा दिवसांच्या जिवावर, त्यानं असला संशय घेतला. पण मी स्वतः काळी-पिवळीत बसून काय घेऊन आले होते? अंजूला त्याचं काहीच नव्हतं. ती माझ्या हातातून घसरली, रांगत फोनपाशी गेली आणि बापाचा हात बाजूला करून त्यातल्या आवाजावर चापट्या मारू लागली. "आलो," ती म्हणाली, हॅलो म्हणायचं असलं की ती असंच म्हणते. तिकडचं बोलणं थांबलं. नुसता समुद्र.

"वहिनी दर आमुशाला तिथं जाऊन बसती," अजिनाथ म्हणाला. "बाबल जिथून गेला तिथंच. पुनवेला पण. उधाणाला समुद्र देईल परत म्हणती. मी तिथं होतो तवर संग बसायचो. आता भरती उतरेपर्यंत बोलत बसतो. ओहोटी लागली की उठून घरी जाती. एकटी सोडवत न्हाई गं."

फोनमधून तिनं विचारलं, "गुरुजी, कोण आसा?"

अंजूनं परत चापट मारली.

"ह्यांच काय तां चेडू? जेच्या बारशाक तुमी गेल्लात?"

चेडू म्हणजे पोरगी, एवढं मला कळलं. मला वाटलं, आता ती काय ते बोलेल. तिला हक्क होता. पायगुणाचं ती बोलली असती तर मी काय म्हणणार होते? मी अंजूला उचलायला वाकले, कान झाकावेत म्हणून.

"व्हय," तो म्हणाला. "हीच."

तिकडं एक लाट फुटली, लांब, खडकभर. मग ती म्हणाली, "नाव काय ठेवलात?"

अजिनाथनं माझ्याकडं बघितलं. मी मदत केली नाही. त्यानं ओठ ओले केले, एकदा घसा खाकरला, वर्गात हजेरी घेताना घेत असेल तसा, आणि तरी आवाज फाटलाच.

"अंजू."

अंजूनं चापट्या मारणं सोडलं आणि मान वळवून त्याच्याकडं बघितलं. हाक कुठून आली ते तिला कळेना. कान ओळखीच्या आवाजाला ओळखीचं नाव जोडून बघत होते. मग ती हसली, खालच्या दोन दातांनी.

"अंजू," तिकडून ती म्हणाली. "अंजू गो." आणि थोड्या वेळानं, "बरां, गुरुजी. मी जातंय आता घराक."

"अजून भरती हाय की वहिनी."

"आसू दे." फोन बंद झाला. एकदम इतकी शांतता झाली की पलीकडच्या रानातली मोटार ऐकू यायला लागली. अजिनाथ फोनकडं बघत बसला, तो पुन्हा वाजेल म्हणून. "पयल्यांदा उठली," तो म्हणाला. "पाणी उतरायच्या आधी." त्यानं अंजूला ओढून मांडीत घेतलं आणि तिच्या डोक्यावर तोंड टेकवलं. मी तिकडं बघितलं नाही. असं बघायचं नसतं.

खरं सांगायचं तर माझ्या मनात तेव्हाही एक कण राहिलाच होता, दर अमावास्येला हा कुणाशीतरी बोलणार होता आणि ती कुणी बाईच होती. तो कण असा एका दुपारीत जात नाही. मी पिशवी घेतली, माझी गाठ मीच सोडली, एक गोळा काढून गळाला लावला आणि काठी त्याच्या हातात दिली.

"टाका," मी म्हटलं. "हिला माझ्याकडं द्या. पाण्याकडं मी बघते."

धरणात लाट नव्हती. तरी मी अंजूला मांडीत घेऊन, पाण्याकडं तोंड करून बसले.